नमद्याची हॅट आणि बीव्हरचा सापळा : उत्तर अमेरिकेतील फर व्यापाराचा एक अभ्यास (इ.स. १६०० ते १८४०)

प्रस्तावना

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युरोपीय प्रतिष्ठितांची व्यक्तिचित्रे पाहिली असता त्यांच्या डोक्यावर किंवा हातात रुंद काठाची हॅट वारंवार आढळते. ही हॅट विणलेल्या कापडाची नसून नमद्याची असे. आपल्याकडे घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली जो जाड, दाबून तयार केलेला लोकरी थर घालतात, त्याच जातीचे पण अत्यंत तलम असे हे द्रव्य होते. त्यातही सर्वोत्तम नमदा बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या प्राण्याच्या लोकरीपासून तयार होई. लंडनमधील नौदल खात्याचा अधिकारी सॅम्युएल पीप्स याने १६६१ मध्ये बीव्हरच्या एका हॅटसाठी ४ पौंड ५ शिलिंग खर्च केल्याची नोंद आपल्या दैनंदिनीत केली आहे. सामान्य कारागिराला एवढी रक्कम मिळविण्यास कित्येक आठवडे राबावे लागे. हॅट ही त्या काळी डोके झाकण्याची वस्तू होतीच, परंतु त्याहून अधिक ती दर्जाची खूण होती.

पदवी स्तरावरील अमेरिकेच्या इतिहासाच्या अध्यापनात या हॅटचा आणि तिच्यासाठी झालेल्या शिकारीचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. 'फ्रेंच वसाहतवाले फरचा व्यापार करीत व इंग्रज शेती करीत' एवढ्या एका वाक्यात दोन शतकांचा इतिहास उरकला जातो. वस्तुतः या व्यापाराने एका खंडाच्या अर्ध्याअधिक भागातील नद्या, समाज आणि राज्यसीमा यांचे स्वरूप पालटले. मराठी वाचकाला परिचित असलेला एक धागाही येथे जुळतो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने मार्च १६६८ मध्ये मुंबई बेट वार्षिक १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. त्याच राजाने पुढे २ मे १६७० रोजी हडसन उपसागराभोवतीच्या अफाट प्रदेशाची सनद दुसऱ्या एका कंपनीला दिली. एका कंपनीचे लक्ष कापड व मसाल्यांकडे होते, तर दुसरीचे बीव्हरच्या कातड्यांकडे.

या इतिहासातील कळीचा प्रश्न असा की, कोट्यवधींच्या संख्येने असलेला बीव्हर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष होण्याच्या मार्गावर का आला? या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे दीर्घकाळ दिली गेली. पहिल्या उत्तरानुसार दोष पोलादी सापळ्याचा, तर दुसऱ्यानुसार मूलनिवासी शिकाऱ्यांच्या अदूरदृष्टीचा. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. सापळ्याने ऱ्हासाचा वेग वाढविला हे खरे. परंतु बीव्हर कोठे, केव्हा आणि किती झपाट्याने संपला हे प्रामुख्याने व्यापारी स्पर्धेच्या रचनेने ठरविले.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. नमदानिर्मितीचे तंत्र आणि बीव्हरच्या शिकारीची मागणी यांतील संबंध स्पष्ट करणे.
२. शिकारीच्या पद्धती व सापळ्याच्या तंत्रातील बदल यांचा आढावा घेणे.
३. बीव्हरच्या ऱ्हासाविषयी इतिहासकारांनी मांडलेल्या मतांची चिकित्सा करणे.
४. या व्यापाराची सामाजिक किंमत कोणी मोजली याचा विचार करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी मुख्यतः दुय्यम साधनांवर आधारलेली आहे.

१. नमद्याचे तंत्र आणि बीव्हरची लोकर

नमदा विणला जात नाही. सुटे केस उष्णता, ओलावा आणि दाब यांच्या साहाय्याने एकमेकांत अडकवून तो तयार करतात. केसाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म खवले असतात. केस ओले करून रगडले की हे खवले परस्परांत गुंततात व सुटत नाहीत. बीव्हरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, राठ व चकचकीत, तर त्यांखालची लोकर आखूड, दाट व मऊ. हॅटकऱ्याला वरच्या केसांचा काही उपयोग नसे. त्याला हवी असे ती आतली लोकर. तिच्यावरील खवले ठळक असल्याने तिचा नमदा घट्ट व पातळ होई, पावसात त्याचा आकार बिघडत नसे आणि तो वर्षानुवर्षे टिके.

हॅट तयार करण्याची कृती कष्टाची होती. प्रथम कातड्यावरील राठ केस उपटून काढीत. नंतर लोकर कातरून ती वेगळी करीत आणि मोठ्या कमानीच्या ताणलेल्या तातीने पिंजून घेत. आपल्याकडील पिंजारी कापूस पिंजण्यासाठी जी पिंजण वापरतो, तिच्याशी या साधनाचे साम्य लक्षणीय आहे. पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर एकमेकांवर ठेवून शंकूचा आकार साधीत. मग ते आम्लयुक्त कढत पाण्यात बुचकळून लाकडी फळ्यांवर तासन्तास मळत. त्यामुळे शंकू आटत व घट्ट होत जाई. शेवटी लाकडी ठोकळ्यावर चढवून त्याला आकार देणे, रंगविणे, डिंक किंवा सरस लावून ताठ करणे आणि इस्त्री करणे हे टप्पे येत.

या तंत्रामुळे कातड्यांचे दोन प्रकार रूढ झाले. ज्या कातड्याचे केवळ ताणून वाळवण केलेले असे, त्यास फ्रेंच व्यापारी 'कास्तोर सेक' म्हणजे कोरडा बीव्हर म्हणत. याहून मोलाचा प्रकार 'कास्तोर ग्रा' हा होता. मूलनिवासी लोक बीव्हरची कातडी एकत्र शिवून त्यांचे झगे करीत आणि केसांची बाजू आत ठेवून ते एक-दोन हिवाळे अंगावर वापरीत. अंगाच्या घर्षणाने राठ केस आपोआप झडत आणि घाम व चरबीने कातडे मऊ होई. म्हणजे कारखान्यातील एक किचकट प्रक्रिया वापरणाऱ्याच्या अंगावरच पूर्ण होत असे. मूलनिवासींच्या दृष्टीने हे जुने झालेले वस्त्र होते. त्याच्या बदल्यात लोखंडी कुऱ्हाड मिळावी, हे त्यांना नवलाचे वाटे. फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक पॉल ल जन याच्या १६३४ च्या वृत्तांतात याचे मनोरंजक प्रमाण आढळते. एका कातड्यासाठी वीस सुऱ्या देणाऱ्या इंग्रजांना अक्कल नाही, अशी थट्टा त्याच्या इनू यजमानाने केल्याचे तो नमूद करतो. या व्यवहारात आपणच लुबाडले जात आहोत अशी भावना आरंभी तरी एका बाजूची नव्हती, ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे.

२. युरोपकडून अमेरिकेकडे

बीव्हरची हॅट युरोपला नवीन नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने रंगविलेल्या व्यापाऱ्याच्या डोक्यावरही फ्लँडर्सची बीव्हर हॅट आहे. तथापि सोळाव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपातील बीव्हर अतिशिकारीमुळे जवळजवळ संपुष्टात आला होता. त्यानंतर रशिया व स्कँडिनेव्हिया यांवर भिस्त ठेवण्यात आली, परंतु तेथील पुरवठाही रोडावला. याच सुमारास न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मासेमारीसाठी जाणाऱ्या फ्रेंच व बास्क खलाशांनी स्थानिक लोकांकडून कातडी घेण्यास प्रारंभ केला. मासळीच्या जोडीचा हा किरकोळ व्यवहार सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र व्यापार बनला. सेंट लॉरेन्स नदीवरील तादुसाक हे त्याचे पहिले महत्त्वाचे केंद्र होय. १६०८ मध्ये साम्युएल द शांप्लँ याने क्वेबेक वसविले, तर १६४२ मध्ये मॉन्ट्रियलची स्थापना झाली. डच व्यापारी हडसन नदीमार्गे, तर इंग्रज पुढे उत्तरेकडील उपसागरातून या स्पर्धेत उतरले.

येथे एक गोष्ट नोंदविणे इष्ट ठरेल. युरोपातील बीव्हर पोलादी सापळ्याचा प्रसार होण्यापूर्वीच संपला होता. मागणी पुरेशी मोठी असली आणि शिकारीवर नियंत्रण नसले, तर साधी साधनेही या प्राण्याचा नायनाट करू शकतात, याचे हे पहिले उदाहरण होय.

३. शिकारीच्या पद्धती आणि सापळा

बीव्हरची जीवनपद्धतीच त्याला शिकाऱ्यासमोर असहाय करते. तो ओढ्यावर फांद्या व चिखल यांचा बांध घालून तळे निर्माण करतो आणि त्यात घुमटाकार घर बांधतो. हे घर दुरूनही दिसते. नर-मादी दीर्घकाळ एकत्र राहतात. वर्षातून एकदाच, साधारणतः दोन ते चार पिल्ले होतात. हा प्राणी ऋतुमानानुसार दूरवर स्थलांतर करीत नाही. परिणामी एखाद्या ओढ्यावरील सर्व कुटुंबे एका हंगामात मारली गेली, तर तो ओढा रिकामाच राहतो. उत्तम लोकर हिवाळ्यात मिळत असल्याने शिकारीचा मुख्य हंगामही तोच होता.

मूलनिवासींच्या पारंपरिक पद्धतीत हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर जाऊन बर्फ फोडीत, घरातून पळ काढण्याच्या वाटा शोधून त्या खुंटांनी बंद करीत आणि मग घर फोडून प्राणी पकडीत. बर्फाखाली जाळी लावणे, तसेच ओंडका कोसळून प्राणी चिरडला जाईल असा लाकडी सापळा रचणे याही पद्धती प्रचलित होत्या. युरोपीय व्यापाराने या पद्धती एकाएकी बदलल्या नाहीत. त्यांना लोखंडाची जोड दिली. बर्फ फोडण्याची लोखंडी पहार व कुऱ्हाड या वस्तूंना वखारींत मोठी मागणी असे. दगडी व हाडाच्या अवजारांनी दिवसभर चालणारे काम त्यामुळे काही तासांत होऊ लागले.

पोलादी सापळ्याचा व्यापक वापर तुलनेने उशिरा, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसून येतो. दोन जबडे, त्यांना ताणणाऱ्या पट्ट्या आणि मध्ये पायाच्या दाबाने सुटणारी तबकडी अशी त्याची रचना होती. शिकारी प्रवाहातून चालत जाई, म्हणजे काठावर माणसाचा वास राहत नसे. काठालगत काही इंच खोल पाण्यात सापळा मांडून त्याची साखळी खोल पाण्यातील खुंटाला बांधीत. वर एका काडीला कॅस्टोरियम लावीत. बीव्हरच्या शेपटीजवळील ग्रंथींत असणारे हे उग्र वासाचे द्रव्य आहे. वासाने आकर्षित झालेला प्राणी सापळ्यात पाय अडकताच खोल पाण्याकडे धाव घेई आणि साखळीच्या ओझ्याने बुडून मरे. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात तासन्तास उभे राहणाऱ्या शिकाऱ्यांना सांधेदुखीचा विकार सर्रास जडत असे.

संशोधक प्रवासी डेव्हिड टॉम्पसन याने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील अनुभवाच्या आधारे, पोलादी सापळा व कॅस्टोरियमचे आमिष यांच्या संयोगाने विस्तीर्ण प्रदेश काही वर्षांतच रिकामे झाल्याचे लिहून ठेवले आहे. ही साक्ष महत्त्वाची आहे. मात्र तिच्या जोडीने आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली अशी की, पूर्वेकडील अनेक प्रदेशांतील बीव्हर त्याच्या कितीतरी आधी विरळ झाला होता. दुसरी अशी की, अमेरिकेत प्रमाणभूत मानला गेलेला न्यूहाउस सापळा न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला तो १८५० च्या दशकात, म्हणजे बीव्हर हॅटची सद्दी संपल्यानंतर. सापळ्याचा कारखाना आला तेव्हा ऱ्हासाचा मोठा भाग घडून गेलेला होता.

४. सनद, वखार आणि 'मेड बीव्हर'

फ्रेंच अधिकाऱ्यांशी बिनसलेले रॅडिसन व ग्रोझेय्ये हे दोन व्यापारी इंग्लंडच्या आश्रयास गेले. त्यांच्या माहितीवरून 'नॉनसच' हे जहाज १६६८ मध्ये हडसन उपसागरात गेले आणि पुढील वर्षी कातडी घेऊन परतले. या यशाच्या आधारे १६७० मध्ये हडसन बे कंपनीला सनद मिळाली. उपसागराला मिळणाऱ्या सर्व नद्यांच्या खोऱ्यांवर तिला व्यापाराची मक्तेदारी बहाल झाली. या प्रदेशात राहणाऱ्या लोकांना विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. हा प्रदेश सध्याच्या कॅनडाच्या एक तृतीयांशाहून अधिक भरतो.

कंपनीने किनाऱ्यावर वखारी उभारल्या. त्यांतील यॉर्क फॅक्टरी ही वखार १६८४ मध्ये स्थापन झाली व पुढे सर्वांत महत्त्वाची ठरली. सुमारे एक शतक कंपनीचे नोकर किनाऱ्यावरच बसून राहिले. अंतर्भागातून कातडी आणण्याचे काम क्री व असिनिबॉइन लोक करीत. ते दूरच्या शिकारी गटांकडून कातडी घेत आणि होड्यांतून शेकडो मैलांचा प्रवास करून वखारीत येत. व्यवहार नाण्यांत नसून 'मेड बीव्हर' या हिशेबी एककात होई. पूर्ण वाढलेल्या बीव्हरचे एक उत्तम कातडे म्हणजे एक 'मेड बीव्हर'. इतर प्राण्यांची कातडी, बंदुका, घोंगड्या, तंबाखू, किटल्या या सर्वांची किंमत याच एककात ठरलेली असे.

या संदर्भात एक दंतकथा पुष्कळ लोकप्रिय आहे. उभ्या बंदुकीच्या उंचीइतकी कातड्यांची रास दिल्यावरच बंदूक मिळे, अशी ती कथा होय. वखारींच्या हिशेबवह्यांवरून तिला आधार मिळत नाही. बंदुकीची किंमत इतर वस्तूंप्रमाणेच ठरावीक कातड्यांत आकारली जाई. या वह्यांच्या आधारे आर्थर रे याने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून मूलनिवासी व्यापाऱ्याचे निराळेच चित्र पुढे आले. तो माल पारखून घेई, वजन-मापावरून हुज्जत घाली, जड किटल्या व तकलादू बंदुका नाकारी आणि फ्रेंचांकडे अधिक भाव मिळत असल्यास तिकडे वळे. तो या व्यापारातील निष्क्रिय बळी नव्हता.

व्यापारातील स्त्रियांचे स्थानही दुर्लक्षिता येत नाही. कातडी कमावणे, बर्फावर चालण्याची पादत्राणे विणणे, वाळविलेल्या मांसाचे पेमिकन तयार करणे, दुभाष्याचे काम करणे ही कामे मूलनिवासी स्त्रिया करीत. व्यापारी व या स्त्रिया यांच्यात स्थानिक रूढीनुसार विवाह होत. त्यांतूनच पुढे मेटिस हा स्वतंत्र समाज उदयास आला. सिल्व्हिया व्हॅन कर्क हिच्या १९८० मधील अभ्यासाने या बाजूवर प्रथमच सविस्तर प्रकाश टाकला.

५. स्पर्धा आणि ऱ्हास

बीव्हरचा ऱ्हास सर्वत्र एकाच वेळी झाला नाही. ज्या प्रदेशांत तो वेगाने झाला, तेथे परस्परविरोधी खरेदीदार एकमेकांशी झुंजत होते, असे पुढील चार प्रसंगांवरून दिसून येते.

पहिला प्रसंग सेंट लॉरेन्सच्या दक्षिणेकडील होडेनोसोनी, म्हणजेच इरोक्वा राष्ट्रसंघाचा. डचांशी व्यापार करणाऱ्या या संघाने १६४९ मध्ये फ्रेंचांचे मित्र असलेल्या वेंडाट (ह्यूरॉन) संघाचा विध्वंस केला. १६३० च्या दशकातील देवीच्या साथीने वेंडाट आधीच निम्म्यावर आले होते. जॉर्ज हंट याने १९४० मध्ये, इरोक्वांच्या भूमीतील बीव्हर संपल्यामुळेच ही युद्धे झाली, असे प्रतिपादन केले. डॅनिएल रिक्टर आदी नंतरच्या इतिहासकारांनी, साथीत मृत झालेल्यांच्या जागी बंदिवान आणून दत्तक घेण्याची परंपरा हेही युद्धाचे प्रबळ कारण असल्याचे दाखवून दिले. दोन्ही कारणांचा मेळ घालणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण साथ आणि बंदूक या दोन्ही गोष्टी युरोपीयांबरोबरच आल्या होत्या.

दुसरा प्रसंग यॉर्क फॅक्टरीच्या पार्श्वप्रदेशाचा. १७३१ पासून ला व्हेरांद्री याच्या नेतृत्वाखाली फ्रेंचांनी पश्चिमेकडे ठाणी उभारली. कंपनीच्या वखारींत जाणारी कातडी वाटेतच खरेदी होऊ लागली. गिऱ्हाईक टिकविण्यासाठी कंपनीला भाव वाढवून द्यावे लागले. ॲन कार्लोस व फ्रँक लुईस या अर्थशास्त्रीय इतिहासकारांनी वखारींच्या हिशेबांच्या आधारे असे दाखविले आहे की, भाव वाढताच शिकार वाढली आणि बीव्हरची संख्या टिकाऊ पातळीच्या खाली गेली. तत्पूर्वीच्या सौम्य स्पर्धेच्या काळात तीच माणसे व तीच साधने असूनही असे घडले नव्हते.

तिसरा प्रसंग मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीचा. १७८० च्या सुमारास आकारास आलेल्या या कंपनीने अंतर्भागात ठाण्यांचे जाळे विणले. हडसन बे कंपनीनेही १७७४ मध्ये कंबरलंड हाउस हे ठाणे उभारून किनारा सोडला होता. दोन्ही कंपन्यांची ठाणी शेजारी-शेजारी उभी राहिली. मद्याचा पुरवठा वाढला आणि पूर्वेकडील इरोक्वा शिकारी पोलादी सापळ्यांसह पश्चिमेत आणण्यात आले. ज्या भूमीशी त्यांचा पिढ्यांचा संबंध नव्हता, ती राखून ठेवण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते. १७८१-८२ च्या देवीच्या साथीने स्थानिक समाजांची घडी विस्कटलेली असल्याने या घुसखोरीस प्रतिकारही अल्प झाला. टॉम्पसनची साक्ष नेमकी याच काळातील आहे. १८२१ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले, तोवर अनेक जिल्हे ओस पडले होते.

चौथा प्रसंग सर्वांत बोलका आहे. विलीनीकरणानंतर गव्हर्नर जॉर्ज सिम्प्सन याने, जेथे कंपनीची निर्वेध मक्तेदारी होती अशा उत्तरेकडील जिल्ह्यांत कातड्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, उन्हाळी कातडी निरुत्साहित केली आणि थकलेल्या प्रदेशांना विश्रांती देण्याचे धोरण आखले. त्याच वेळी रॉकी पर्वतापलीकडील स्नेक नदीच्या खोऱ्यात मात्र त्याने नेमके उलट धोरण अवलंबिले. १८१८ च्या करारान्वये हा प्रदेश ब्रिटन व अमेरिका यांना समान रीतीने खुला होता आणि अमेरिकी शिकारी तेथे येऊ लागले होते. त्यांनी येऊच नये म्हणून तेथील प्रत्येक बीव्हर टिपण्याचे आदेश देण्यात आले. पीटर स्किन ऑग्डेन याने १८२४ ते १८३० या काळात काढलेल्या मोहिमांचा हाच हेतू होता. या धोरणास इतिहासकार 'फरचे वाळवंट' असे म्हणतात. एकच कंपनी, एकच अधिकारी, एकच सापळा. परंतु एका प्रदेशात जतन तर दुसऱ्यात संहार. फरक होता तो स्पर्धकाच्या अस्तित्वाचा.

अमेरिकी बाजूसही परिस्थिती निराळी नव्हती. विल्यम ॲश्ले याने १८२२ मध्ये सेंट लुईस येथे वृत्तपत्रात जाहिरात देऊन शंभर तरुण मागविले. १८२५ पासून दर उन्हाळ्यात पर्वतात शिकाऱ्यांचा मेळा भरू लागला. कातडी देऊन दारूगोळा, कॉफी, साखर व मद्य घ्यायचे आणि बहुतेकांनी नव्या कर्जासह पुन्हा डोंगरात जायचे, असा हा क्रम होता. शेवटचा मेळा १८४० मध्ये भरला. दरम्यान १८३७ मध्ये अमेरिकन फर कंपनीच्या वाफेच्या बोटीतून मिसुरी नदीच्या वरच्या खोऱ्यात देवीची साथ पोहोचली. तीत मँडन जमात जवळजवळ नष्ट झाली.

६. 'अदूरदृष्टी'च्या आरोपाची चिकित्सा

मूलनिवासींनी स्वतःच आपले प्राणी संपविले, हा आरोप समकालीन व्यापाऱ्यांच्या लेखनातही आढळतो. कॅल्व्हिन मार्टिन याने १९७८ मध्ये त्यास वेगळे वळण दिले. साथीच्या रोगांना प्राणीच जबाबदार आहेत अशा समजुतीने शिकाऱ्यांनी प्राण्यांविरुद्ध जणू युद्ध पुकारले, असा त्याचा सिद्धान्त होता. पुराव्याअभावी पुढील संशोधकांनी तो बहुतांशी नाकारला.

एलेनॉर लीकॉक हिने १९५४ मध्ये लॅब्राडॉरमधील इनू समाजाचा अभ्यास करून, कुटुंबनिहाय शिकारक्षेत्रांची पद्धत ही फर व्यापाराच्या काळात विकसित झाली असल्याचे मांडले. तिचे मत सर्वमान्य नाही. परंतु त्यातून एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. आज राखून ठेवलेला बीव्हर उद्या आपल्यालाच मिळेल, याची शाश्वती शिकाऱ्याला असेल तरच तो राखला जाईल. परका शिकारी केव्हाही येऊन तो नेऊ शकत असेल, तर संयम म्हणजे केवळ तोटा. ही शाश्वती स्पर्धेने हिरावून घेतली. येथे अदूरदृष्टी हा स्वभावदोष ठरत नाही. परिस्थितीला दिलेला तो हिशेबी प्रतिसाद ठरतो.

विसाव्या शतकातील एका प्रयोगाने या निष्कर्षास पुष्टी दिली. जेम्स उपसागराकाठच्या रूपर्ट हाउस येथे बीव्हर जवळपास नाहीसा झाल्यावर, १९३० च्या दशकात जेम्स व मॉड वॉट या दांपत्याच्या पुढाकाराने तेथे अभयक्षेत्र निर्माण झाले. क्री कुटुंबांनी आपापल्या क्षेत्रातील बीव्हरच्या घरांची मोजदाद केली आणि परक्या शिकाऱ्यांना मज्जाव झाला. काही वर्षांतच प्राण्यांची संख्या वाढली आणि मर्यादित शिकार पुन्हा सुरू करता आली. ज्यांना अदूरदर्शी ठरविले होते, तेच येथे रक्षणकर्ते झाले.

७. कारागिराच्या देहावरील परिणाम

शिकारीच्या दुसऱ्या टोकाला हॅटचा कारखाना होता. ब्रिटनने या धंद्यास कडेकोट संरक्षण दिले. १७३२ च्या कायद्याने अमेरिकी वसाहतींना हॅटची निर्यात करण्यास, अगदी शेजारच्या वसाहतीत पाठविण्यासही मनाई केली, शिकाऊ कामगारांची संख्या दोनवर मर्यादित केली आणि कृष्णवर्णीयांना या कामापासून दूर ठेवले. कातडी वसाहतीने पुरवावी आणि तयार हॅट मायदेशाकडून विकत घ्यावी, हे सूत्र भारतीय वस्त्रोद्योगाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास नवे वाटणार नाही.

झग्याच्या स्वरूपातील मऊ कातडी पुरेशी मिळेनाशी झाल्यावर कोरड्या कातड्यांवरील लोकर, तसेच ससा व रानससा यांची स्वस्त लोकर वापरणे भाग पडले. ती सहजासहजी गुंतत नसे. त्यासाठी नायट्रिक आम्लात विरघळविलेला पारा तिच्यावर ब्रशने चोळीत. केसांची टोके नारिंगी होत, म्हणून इंग्रजीत या क्रियेस गाजरावरून नाव पडले. ही लोकर पिंजताना व कढत पाण्यात मळताना पाऱ्याची वाफ व धूळ कोंदट खोल्यांत पसरे. हातांना कंप, हिरड्यांची सूज, लाळ गळणे, चिडचिड, विलक्षण बुजरेपणा व स्मृतिभ्रंश ही लक्षणे हॅटकाऱ्यांत दिसू लागली. न्यू जर्सीतील हॅटकाऱ्यांच्या पाराजन्य विकाराचे वर्णन ॲडिसन फ्रीमन या डॉक्टरने १८६० मध्ये प्रसिद्ध केले होते. कनेक्टिकटमधील डॅनबरी या हॅटनिर्मितीच्या शहराचे नाव तर या कंपाला कायमचे चिकटले. तरीही अमेरिकेत हॅट उद्योगातील पाऱ्याचा वापर थांबण्यास १९४१ साल उजाडावे लागले. रोगाचे वर्णन आणि त्यावरील उपाय यांत ऐंशी वर्षांचे अंतर पडले. जे काम पूर्वी मूलनिवासींच्या अंगावरील झग्यात दोन हिवाळ्यांत होत असे, ते घाईने उरकण्याची किंमत हॅटकाऱ्याच्या मज्जासंस्थेने मोजली.

८. रेशमी हॅट आणि त्यानंतर

१८३० च्या दशकापासून रेशमी हॅटची फॅशन युरोपात रूढ झाली आणि बीव्हरच्या लोकरीची मागणी घसरली. बीव्हर वाचला तो कोणाच्या दयेमुळे नव्हे, तर अभिरुची पालटल्यामुळे. मात्र कोट व कॉलर यांसाठी शिकार चालूच राहिली. युरोपीय आगमनापूर्वी उत्तर अमेरिकेत ६ कोटी ते ४० कोटी बीव्हर असावेत, असा अंदाज आहे. १९०० च्या सुमारास त्यांची संख्या सुमारे एक लाखावर आली होती, असे मानले जाते. युरेशियातील बीव्हर तर विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम १२०० उरले होते. बांध राखणारा प्राणी गेल्यामुळे असंख्य तळी आटली, पाणथळ जागा कोरड्या पडल्या आणि ओढ्यांचे प्रवाह खोल व वेगवान झाले. संरक्षण व पुनर्वसन यांमुळे दोन्ही खंडांत बीव्हरची संख्या पुन्हा पुष्कळ वाढली आहे.

हडसन बे कंपनीने आपला प्रदेश १८७० मध्ये ३ लाख पौंडांच्या मोबदल्यात कॅनडाच्या स्वाधीन केला. या व्यवहारातही तेथील रहिवाशांना विचारले गेले नाही. मेटिस समाजाने लुई रिएलच्या नेतृत्वाखाली त्यास विरोध केला व त्यातूनच मॅनिटोबा प्रांताची निर्मिती झाली. पुढे किरकोळ विक्रीच्या व्यवसायात स्थिरावलेल्या या कंपनीची सर्व दुकाने २०२५ मध्ये बंद झाली. सनदेच्या साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा प्रवास असा संपुष्टात आला.

निष्कर्ष

१. बीव्हरची मागणी त्याच्या लोकरीच्या नमदा होण्याच्या गुणधर्मातून निर्माण झाली. फर व्यापाराचा इतिहास कारखान्यातील तंत्र समजून घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

२. पोलादी सापळा व कॅस्टोरियम यांनी ऱ्हासास गती दिली. तथापि युरोपात व पूर्व अमेरिकेत सापळ्याचा प्रसार होण्यापूर्वीच ऱ्हास झाला होता. म्हणून साधनास मूळ कारण मानता येत नाही.

३. प्रतिस्पर्धी खरेदीदार व असुरक्षित शिकारहक्क जेथे एकत्र आले, तेथे बीव्हर झपाट्याने संपला. एकाच कंपनीने एकाच काळात राबविलेली जतनाची व संहाराची धोरणे हा याचा सबळ पुरावा होय. मात्र यावरून मक्तेदारीचे समर्थन होत नाही. कंपनीचे जतनाचे धोरणही नफ्यासाठीच होते आणि रूपर्ट हाउसच्या अनुभवावरून निर्णायक घटक स्थानिक समाजाचा सुरक्षित हक्क हाच असल्याचे दिसते.

४. मूलनिवासी शिकारी हा चोखंदळ व हिशेबी व्यापारी होता. त्याच्यावरील अदूरदृष्टीचा आरोप त्याच्या हातून हक्क काढून घेणाऱ्या व्यवस्थेला झाकतो.

५. 'मेड बीव्हर'च्या हिशेबवहीत बंदूक, घोंगडी व किटली यांची नोंद झाली. ओस पडलेले ओढे, देवीने गेलेली गावे आणि हॅटकाऱ्याचे थरथरणारे हात यांना त्या वहीत रकाना नव्हता. इतिहासाच्या अध्यापनात हा व्यापार शिकविताना नोंद झालेल्या व्यवहारांबरोबरच नोंदीबाहेर राहिलेली ही किंमतही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.